नामांतर आंदोलन, मराठवाडा

मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, या मागणीतून उभे राहिलेले व १९९४ पर्यंत चाललेले आंदोलन. त्याचा प्रत्यक्ष विषय विद्यापीठाचे नाव हा असला, तरी कायद्याने मिळालेली समान संधी गावाच्या व्यवहारात कितपत मान्य होते, हा त्यामागील मूळ प्रश्न होता. नांदेड जिल्ह्याला या संघर्षाची सर्वाधिक झळ लागली.

पार्श्वभूमी : मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी भाषक खेड्यांतून तेथपर्यंत पोहोचणारे विद्यार्थी थोडेच असत. अस्पृश्य मानलेल्या जातींना तर शाळेचीच वाट अवघड होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटी या आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या संस्थेने १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला.

भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तर १५ व १६ या अनुच्छेदांनी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदी करण्यास वाव दिला. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी १३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. शिष्यवृत्ती व वसतिगृहे यांच्या आधारे खेड्यांतील पहिली शिकलेली पिढी तयार झाली. येसकरी, मेलेली गुरे ओढणे यांसारखी परंपरागत कामे करण्यास ती नकार देऊ लागली. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा नकार अधिक ठाम झाला.

दुसऱ्या बाजूस प्रदेशाचा विकास खुंटलेला होता. १९७२ च्या दुष्काळाने शेती खचली. रोजगार व सिंचन यांच्या मागण्यांसाठी विद्यार्थ्यांनी १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभारले. पदवीधर वाढत होते, नोकऱ्या मात्र मोजक्याच होत्या. अशा स्थितीत राखीव जागांमुळेच आपली संधी हुकते, असा समज सवर्ण तरुणांत पसरला. नोकऱ्यांच्या एकूण तुटवड्याचे खापर सवलतींवर फुटले.

ठराव व दंगली : नामांतराच्या मागणीने १९७७ पासून जोर धरला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री होते. ठरावाची वार्ता पोहोचताच मराठवाड्यात विरोधाचा उद्रेक झाला. शहरांत तो मोर्चे, बंद व सार्वजनिक मालमत्तेची नासधूस या स्वरूपात होता. खेड्यांत मात्र त्याने दलित वस्त्यांवरील हल्ल्यांचे रूप घेतले. घरे जाळली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची ऑगस्ट १९७८ मध्ये हत्या झाली.

विरोधकांत सर्वांची भूमिका एकच नव्हती. ‘मराठवाडा’ हे नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाशी व प्रादेशिक अस्मितेशी निगडित आहे, असे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद वादाच्या मर्यादेत बसणारा होता. तथापि विद्यापीठाच्या नावाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता, अशा भूमिहीन मजुरांची घरे जाळण्याचे समर्थन त्यातून होऊ शकत नव्हते. हल्ल्यांमागील रोष मानाच्या वाटणीविषयी होता. पूर्वी वाड्यासमोर वाकणारा मनुष्य आता शिकतो, नोकरी करतो व आपल्या नेत्याचे नाव विद्यापीठास मागतो, हे अनेकांना सहन झाले नाही. मजुरी, सरपण, किराणा व शेतातील वाट या साऱ्या गोष्टी जमीनधारकांच्या हाती असल्याने सामाजिक बहिष्कार हे हत्यारही प्रभावी ठरले.

पुढील घटना : दंगलींनंतर ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीहून औरंगाबादकडे ‘लाँग मार्च’ निघाला. मोर्चे, सत्याग्रह व तुरुंगवास यांची मालिका पुढे दीड दशक चालू राहिली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठास ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले. प्रदेशाचे नाव कायम ठेवून आंबेडकरांचे नाव त्यास जोडल्यामुळे या तडजोडीस ‘नामविस्तार’ असे म्हणतात. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो.

तौलनिक विचार : या घटनांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांच्या संघर्षाशी ताडून पाहता येते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णविभाजन अवैध ठरविले. तरीही १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात दंगल होऊन दोघांचा बळी गेला. नोकरीतील भेदभावास बंदी करणारा नागरी हक्कांचा व्यापक कायदा १९६४ मध्ये झाला. तेथील ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेच्या नावावरूनच १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’चे नाव आले. दोन्ही देशांत विद्यापीठ हेच संघर्षाचे केंद्र बनले, कारण वंचित समाजाच्या उन्नतीचे ते सर्वांत ठळक चिन्ह होते. फरक असा, की मिसिसिपीत प्रवेशालाच विरोध झाला; मराठवाड्यात प्रवेश मिळाला होता, त्यातून आलेली बरोबरी नाकारली गेली.

मूल्यमापन : अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९५५ पासून अस्तित्वात होता व १९७६ मध्ये दुरुस्तीनंतर त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. दोनच वर्षांनी झालेल्या दंगलींत त्याचे संरक्षण तोकडे पडले. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा अधिक कडक कायदा १९८९ मध्ये करण्यात आला. शिक्षणाची दारे उघडणे एवढ्याने समान संधी सिद्ध होत नाही. शिकून गावी परतणाऱ्यास निर्भयपणे राहता आले पाहिजे आणि त्याच्या कुटुंबाची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. नामांतराचा प्रश्न सुटण्यास ठरावानंतर सुमारे साडेपंधरा वर्षे लागली. या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांपैकी अनेकांनी विद्यापीठाची पायरीही कधी पाहिली नव्हती.