चिनी घरवैद्यकाच्या पायऱ्या

आजाऱ्याने काय घ्यावे हे सांगणारे ग्रंथ सर्व देशांत विपुल आहेत. घेतलेले केव्हा थांबवावे हे सांगणारे थोडे. चीनमधील घरगुती काढे आणि रात्रीचे पादस्नान यांचे अलीकडे आपल्याकडेही कौतुक ऐकू येते. काचेच्या पेल्यात शेवंतीची फुले तरंगत असतात, लाकडी घंगाळात पाय बुडालेले असतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की, चिनी माणसाने हे सारे निवांतपणाची हौस म्हणून शोधून काढले. इतिहास पाहता आम्हांस तसे वाटत नाही. या रिवाजांमागे मरणाचे भय होते, आणि पायरी ओळखून वागण्याची शिस्त त्या भयातूनच आली.

हान साम्राज्य कोसळत असतानाच्या काळातील वैद्य चांग चुंग-चिंग याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत घरची हकिकत दिली आहे. त्याच्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. इ. स. १९६ पासून पुरती दहा वर्षेही झाली नाहीत, तोच त्यांतील दोनतृतीयांश मेली. आणि मेलेल्यांपैकी दर दहांत सात जण थंडीच्या बाधेने होणाऱ्या ज्वराने गेली. या दुःखातून 'शांग-हान-लून' हा ग्रंथ निघाला. त्यात ज्वराच्या सहा अवस्था मानल्या असून प्रत्येकीचा उपचार निराळा सांगितला आहे. पहिल्या अवस्थेसाठी एक काढा आहे: दालचिनीच्या डहाळ्या, पिओनीचे मूळ, ज्येष्ठमध, आले आणि चिनी बोरे. आपल्या आजीबाईंच्या बटव्यातून निघावी अशीच ही सामग्री! परंतु खरे महत्त्व आहे ते पुढील सूचनांना. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यावी, सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडावे. अंगास ओल यावी एवढाच घाम हवा; तो पाण्यासारखा वाहू देऊ नये. थंड, कच्चे, चिकट पदार्थ, मांस, मद्य वर्ज्य. आणि पहिल्याच मात्रेने घाम येऊन बरे वाटले, तर उरलेला काढा घेऊ नये. भांड्यात शिल्लक आहे म्हणून तो संपविण्याचा मोह किती घरांत आवरला गेला असेल, याची आम्हांस शंका आहे.

पुढे दक्षिणेतील उष्ण ज्वरांस ही पद्धत अपुरी पडते, असे वैद्यांच्या ध्यानी आले. वू चू-थुंग याने १७९८ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात शीतल उपचाराच्याही तीन पायऱ्या केल्या. नुसता खोकला आहे, अंग फारसे तापलेले नाही, तर तुतीची पाने व शेवंती यांचा हलका काढा. ज्वर अधिक असल्यास हनीसकलची फुले आणि त्यांच्या जोडीची औषधे. जिप्समचा जड काढा सर्वांत शेवटी. आणि तो कोणास देऊ नये, हे त्याने वेगळे सांगून ठेवले आहे. आज पेल्यात तरंगणारी शेवंती ती या पहिल्या पायरीवरची.

पादस्नानाची साक्ष मात्र वैद्याची नाही, एका बडतर्फ अधिकाऱ्याची आहे. सू शी, ऊर्फ सू तुंग-पो, हा सुंग काळातील थोर कवी राजकारणात हरला आणि १०९७ साली, वयाच्या साठीत, हायनान बेटावर धाडला गेला. सरकारी नोकराने बदलीविषयी कुरकुर करू नये हे आम्ही जाणतो. पण आमच्या बदल्यांत निदान आगगाडीचे तिकीट तरी मिळते. तेथे खायला मांस नाही, आजाराला औषध नाही, राहायला घर नाही, असे त्याने पत्रात लिहिले. त्याच स्थितीत त्याने हद्दपारीतील तीन सुखांवर तीन कविता केल्या: सकाळी केस विंचरणे, दुपारी खिडकीशी बसल्याबसल्या डुलकी घेणे आणि रात्री निजण्यापूर्वी पाय धुणे. तिसरीत गुडघाभर खोल मातीचे भांडे आहे; त्यात तो आळीपाळीने ऊन आणि थंड पाणी ओतीत आहे, दिव्याच्या उजेडात नखे कापीत आहे. बाहेर रोगट दमट हवा दाटलेली. पाय सुजण्यावर त्या भूमीत औषध मिळत नसल्याने त्याचा सारा भरवसा सरपण आणि पाणी यांवर आहे. पादस्नानाच्या इतिहासात याहून प्रामाणिक पुरावा आम्हांस ठाऊक नाही. एक सूचना मात्र येथेच केली पाहिजे. मधुमेहाने ज्याच्या पावलांची संवेदना गेली आहे त्यास पाणी किती तापले आहे हे पायांनी कळत नाही. तो नकळत भाजून निघतो. त्याने हे सुख सोडावे.

सू शी ज्या दमट प्रदेशातून हायनानला गेला, त्या क्वांगतुंग प्रांतात पुढे 'शीतल चहा'ची दुकाने निघाली. यात बहुधा चहाचे पान नसतेच. असतो तो काळाकडू काढा. त्यातला एक प्रकार तर 'चोवीस चवींचा' म्हणून ओळखला जातो, आणि पिणारास त्यांपैकी एकच चव लागते. वांग लाओ-ची या नावाचा काढा क्वांगचौ, म्हणजे जुने कँटन, येथे १८२८ पासून विकला जाऊ लागला. तळलेले खाऊन घसा धरला, हिरड्या दुखू लागल्या की, वैद्याकडे न जाता माणूस दुकानाशी उभा राहून एक वाडगे पिई. 'उष्णता झाली' हे निदान मराठी घरांस नवे नाही. २००६ साली चीनने या चहाची नोंद राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात केली. परंतु त्याच क्वांगचौत २००३ च्या फेब्रुवारीत, सार्स या नव्या रोगाची कुणकुण लागताच, पान-लान-कन या मुळीसाठी आणि व्हिनेगारसाठी दुकानांवर झुंबड उडाली होती; घराघरांत व्हिनेगार उकळून त्याची वाफ कोंडली जात होती. धरलेल्या घशाचा उपाय न्यूमोनियावर चालविण्याचा तो प्रयत्न होता. खात्रीची बातमी मिळत नसली की, माणसे हातातल्या भांड्यावरच विश्वास टाकतात. त्यांस हसण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

सू शीला ११०० साली परतण्याची परवानगी मिळाली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, नावेतून येताना, उकाड्याने हैराण होऊन त्याने थंड पेये बेसुमार घेतली; पोट बिघडले, मग ज्वर आला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. त्याला वैद्यकाचा चांगला नाद होता. ही उष्णतेची बाधा आहे असे त्याने स्वतःच ठरविले आणि जिनसेंग, पाइनच्या मुळांवर वाढणारी फू-लिंग ही बुरशी व माई-तुंगच्या मुळ्या यांचा दाट काढा करवून, तहान लागेल तसा तो घोटघोट घेत राहिला. एकोणिसाव्या शतकातील वैद्य लू यी-थिएन याने हे प्रकरण तपासून निर्वाळा दिला की, औषध रोगास जुळत नव्हते आणि त्यानेच कवीचा घात झाला. ११०१ च्या ऑगस्टमध्ये, चांगचौ येथे, सू शी वारला.