६५०२ आणि झेड-८० : वेग कुणाचा, किंमत कशाची?

आजची सुरुवात एका जुन्या वादाने करू. १९८०च्या आसपास घरात संगणक आणू पाहणाऱ्या माणसांत हा वाद हटकून व्हायचा, आणि जुन्या यंत्रांचे शौकीन आजही तो तितक्याच हिरिरीने घालतात. एकीकडे ६५०२ नावाची चिप, क्लॉक १ मेगाहर्ट्झ. दुसरीकडे झेड-८०, जिची 'ए' आवृत्ती ४ मेगाहर्ट्झवर चालायची. आता ४ भागिले १ हे गणित शाळकरी पोरालाही येतं. मग झेड-८० चौपट वेगवान म्हणून मोकळं व्हावं, वाद तो कसला? आणि तसं असेल तर अ‍ॅपल, कमोडोर, अटारी या सगळ्यांनी ६५०२ का घेतली? निव्वळ स्वस्त म्हणून?

आम्ही ही तुलना मांडायला बसलो तेव्हा आमचाही कल असाच होता. एक स्वस्त, एक ताकदवान, विषय संपला. पण आकडे कागदावर घेतले आणि तो कल काही टिकला नाही.

आधी दोघींची जन्मकथा, थोडक्यात. १९७४ साली मोटोरोलाने ६८०० ही चिप आणली. तिच्या कामात असलेले चक पेडल हे गिऱ्हाइकांकडे जाऊन ती समजावून सांगत. गिऱ्हाइकांना चिप आवडायची, किंमत ऐकली की मात्र ते गप्प व्हायचे. गल्ल्यावरचं मशीन, कारखान्यातलं नियंत्रण, असल्या कामांत शेकडो डॉलरची चिप कोण बसवणार? पेडल यांनी कंपनीत स्वस्त चिपचा आग्रह धरला. वरून लेखी आदेश आला की हे बंद करा. मग ते आणि त्यांचे काही सहकारी बाहेर पडले आणि पेनसिल्व्हेनियातल्या एमओएस टेक्नॉलॉजी या लहान कंपनीत गेले.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनात त्यांनी ६५०२ आणली. किंमत २५ डॉलर. त्या वेळी ६८००ला सुटीत पावणेदोनशेच्या घरात पैसे पडत होते, म्हणून लोकांना आधी ही फसवणूकच वाटली. प्रदर्शनाच्या जागेत विक्रीला बंदी होती. तेव्हा कंपनीने जवळच्या हॉटेलात खोल्या घेतल्या आणि काचेच्या मोठ्या बरण्यांत चिपा भरून ठेवल्या. माल भरपूर आहे असं दिसावं म्हणून! बरणीच्या तळाच्या चिपा चालणाऱ्या नव्हत्या, हे पेडल यांनीच पुढे सांगितलं. तिथे चिप विकत घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्नियॅक होते. मोटोरोलाने ६८००ची किंमत लगोलग ६९ डॉलरवर आणली. वर पेटंटचा खटलाही भरला, पण तो आज बाजूला ठेवू.

झेड-८०चं घराणं वेगळं. इंटेलच्या ४००४ आणि ८०८० या चिपांमागे फेदेरिको फाजिन हे नाव होतं. १९७४च्या अखेरीस त्यांनी इंटेल सोडली आणि राल्फ उंगरमन यांच्याबरोबर झायलॉग काढली. ८०८०वर काम केलेले मासातोशी शिमाही त्यांना येऊन मिळाले. पैसा तेल कंपनी एक्सॉनचा. १९७६ साली आलेली झेड-८० म्हणजे ८०८०चीच सुधारून वाढवलेली बहीण. ८०८०साठी लिहिलेला प्रोग्रॅम तिच्यावर तसाच चालायचा. ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, हिला फक्त ५ व्होल्ट. आत जवळपास ८,५०० ट्रान्झिस्टर. ६५०२मध्ये साधारण त्याच्या निम्मे.

आता वेगाकडे येऊ. तुमच्यापैकी ज्यांनी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला ८०८५ केला आहे त्यांना टी-स्टेट मोजणं आठवत असेल. डिले लूप लिहा, टी-स्टेटची बेरीज करा, क्लॉकने भागा. परीक्षेत दहा मार्कांचा हमखास प्रश्न! तेच हत्यार आज कामी येणार आहे.

मेमरीतली एक आठ-बिटी संख्या घ्यायची, तिच्यात दुसरी मिळवायची आणि उत्तर पुन्हा मेमरीत ठेवायचं. ६५०२वर मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटना झीरो पेज म्हणतात. तिथे पोचायला एकाच बाइटचा पत्ता पुरतो. हे काम तिथे केलं तर कॅरी साफ करायला २, आणि उचलणं, मिळवणं, ठेवणं यांना प्रत्येकी ३, अशा ११ सायकल लागतात. १ मेगाहर्ट्झला म्हणजे ११ मायक्रोसेकंद. झेड-८०वर तेच काम सरळ लिहिलं तर पहिली संख्या आणायला १३ टी-स्टेट, दुसरीचा पत्ता रजिस्टरमध्ये भरायला १०, बेरजेला ७, ठेवायला १३. एकूण ४३. भागिले ४ मेगाहर्ट्झ म्हणजे पावणेअकरा मायक्रोसेकंद.

अकरा आणि पावणेअकरा. चौपट क्लॉकचा सगळा फायदा इथे पाव मायक्रोसेकंदावर आला.

हे संगीत ऐकणाऱ्यांना चटकन कळेल. तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं, रूपकाचं ७ मात्रांचं. कुणी मात्रा भराभर मोजतोय म्हणून तो समेवर आधी येईलच असं नाही. आवर्तन किती मात्रांचं आहे ते बघावं लागतं. ६५०२ची सर्वांत छोटी आज्ञा २ सायकलची, झेड-८०ची ४ टी-स्टेटची. मेगाहर्ट्झ म्हणजे नुसता मात्रांचा वेग.

पण थांबा, एवढ्यावर ६५०२ला हार घालू नका. दोन संख्या १६ बिटांच्या असतील आणि आधीच रजिस्टरांत असतील, तर झेड-८० एका आज्ञेत, ११ टी-स्टेटमध्ये त्यांची बेरीज करते. पावणेतीन मायक्रोसेकंद. ६५०२कडे १६ बिटांचं रजिस्टरच नाही. दोन फेऱ्या, २० सायकल, २० मायक्रोसेकंद. सातपटीहून जास्त मागे! मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे हलवायचा असेल तर झेड-८०ची एलडीआयआर ही एकच आज्ञा बाइटमागे २१ टी-स्टेट घेते, सव्वापाच मायक्रोसेकंद. ६५०२च्या साध्या लूपला बाइटमागे १४. म्हणजे कामागणिक निकाल बदलतो. दोघींच्या चांगल्या जाणकारांनी आपापल्या सोयीची उदाहरणं निवडली, आणि वाद पन्नास वर्षं जिवंत राहिला.

आमच्या मते खरी गंमत पुढे आहे. ६५०२ दर सायकलला एकदा मेमरीला हात लावते. १ मेगाहर्ट्झला म्हणजे दर मायक्रोसेकंदाला एकदा. झेड-८०ला एक आज्ञा वाचायला ४ टी-स्टेट लागतात. ४ मेगाहर्ट्झला किती झाले? पुन्हा एक मायक्रोसेकंदच. डेटा वाचायला ३, म्हणजे पाऊण मायक्रोसेकंद. क्लॉकच्या आकड्यात चौपट अंतर, पण मेमरीशी व्यवहार करण्याचा वेग जवळजवळ एकच. त्या काळात मेमरी महाग होती, आणि वेगवान मेमरी फारच महाग. दोन्ही गटांनी चिप वेगळ्या पद्धतीने रचली, पण दोघांचीही गाडी मेमरीच्याच मागे अडकलेली होती.

१९७७ साली ही परीक्षा बाजारात झाली. रेडिओ शॅकचा टीआरएस-८० पडदा आणि कॅसेट रेकॉर्डरसह ५९९ डॉलरला आला. त्यात झेड-८०, पण १.७७ मेगाहर्ट्झवर चालवलेली. कमोडोरच्या पेटमध्ये १ मेगाहर्ट्झची ६५०२. अ‍ॅपल टूमध्येही तीच, किंमत ४ किलोबाइट मेमरीसह १,२९८ डॉलर. त्याच वर्षी किलोबॉड मासिकात टॉम रग आणि फिल फेल्डमन यांनी बेसिक भाषेतले काही छोटे प्रोग्रॅम वेग मोजायला छापले, आणि पुढे ब्रिटिश मासिकांनीही ते उचलले. या चाचण्यांत १ मेगाहर्ट्झचा पेट टीआरएस-८०च्या स्पष्ट पुढे राहिला. मात्र हे आकडे वाचताना जपून. त्यात चिप जितकी मोजली जाते तितकाच बेसिक लिहिणाऱ्याचा हात मोजला जातो. अ‍ॅपलचं सुरुवातीचं बेसिक फक्त पूर्णांक हाताळायचं. अपूर्णांकाचं ओझंच नाही, तर ते वेगात पळणारच.

मग मोल कुणाचं जास्त? चिपवरची किंमत बघितली तर ६५०२. पण १९८० साली ब्रिटनमध्ये १०० पौंडांच्या आत तयार संगणक देणाऱ्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी झेड-८० निवडली. ९९ पौंड ९५ पेन्सचा झेडएक्स-८०, आणि पुढच्या वर्षी ६९ पौंड ९५ पेन्सचा झेडएक्स-८१. सगळ्यात स्वस्त संगणक आणि त्यात स्वस्त चिप नाही, असं कसं? कारण झेड-८०मध्ये मेमरी ताजी ठेवण्यासाठी, म्हणजे रिफ्रेशसाठी, पत्ते मोजण्याची सोय अंगातच होती. सिंक्लेअरच्या माणसांनी तिचाच उपयोग पडद्यावर चित्र काढायला केला. वेगळं चित्र-सर्किट जवळपास लागलंच नाही. झेडएक्स-८१च्या बोर्डावर चार-पाचच मुख्य चिपा होत्या. शेजारच्या दहा चिपा वाचत असतील तर मधल्या एका चिपचे दोन पैसे जास्त गेले तरी परवडतं.

त्याची किंमत वेगात मोजावी लागली. झेडएक्स-८० आकडेमोड करू लागला की पडदा काळा. झेडएक्स-८१मध्ये चित्र सतत दिसायचं, पण चिपचा सुमारे तीन-चतुर्थांश वेळ त्यातच जायचा. सव्वातीन मेगाहर्ट्झपैकी गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरलं काय, याचा हिशेब तुम्हीच करा. अ‍ॅपल टूमध्ये हाच प्रश्न उलट बाजूने सुटला होता. ६५०२ सायकलच्या एका अर्ध्यातच मेमरी वापरते. दुसऱ्या अर्ध्यात वॉझ्नियॅक यांनी चित्राचं वाचन उरकलं आणि रिफ्रेशही साधला. चिप एक क्षण अडत नाही. आम्हाला विचाराल तर त्या दशकातली ही सर्वांत देखणी काटकसर.

आणि मोल ठरवणारी आणखी एक गोष्ट होती, जी चिपमध्ये नव्हतीच. ८०८०साठी सीपी/एम नावाची कार्यप्रणाली होती. तिच्यावर वर्डस्टार चालायचं, पुढे डीबेस आलं, हिशेबाचे प्रोग्रॅम होते. हे सगळं झेड-८०ला वारशात मिळालं, ६५०२ला नाही. म्हणून १९८० साली मायक्रोसॉफ्टने एक कार्ड काढलं, ३४९ डॉलरचं सॉफ्टकार्ड. ते अ‍ॅपल टूमध्ये खोचायचं. कार्डावर काय, तर झेड-८०! आत उत्तम चालणारी ६५०२ असताना लोक दुसरी चिप विकत घेत होते, आणि तीही २ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी. वेगासाठी कुणी घेत नव्हतं. वर्डस्टारसाठी घेत होते.

आपल्याकडे या दोघी कशा आल्या? १९८४-८५मध्ये शाळांसाठी क्लास हा सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला. त्यात बीबीसी मायक्रो हे यंत्र होतं, म्हणजे २ मेगाहर्ट्झची ६५०२. मगाशी केलेली ११ सायकलची बेरीज तिच्यावर साडेपाच मायक्रोसेकंदांत व्हायची. साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेडएक्स स्पेक्ट्रमला सव्वाबारा लागायचे. पण हा वेग फुकट नव्हता. दुप्पट वेगाच्या ६५०२ला आणि पडद्याला आळीपाळीने पुरवायचं तर मेमरी ४ मेगाहर्ट्झने चालणारी हवी. ब्रिटनमध्ये बीबीसीचं मॉडेल बी ३२ किलोबाइटसह ३९९ पौंडांना होतं, तर ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम १९८२ साली १७५ला आला. एवढ्या फरकात फक्त मेमरी नव्हती. चांगला कीबोर्ड होता, बाहेरची उपकरणं जोडायच्या सोयी होत्या. शाळेला ते हवं होतं, घरी खेळणाऱ्या पोराला नको होतं.

कॉलेजांनी मात्र इंटेलचं घराणं धरलं. ८०८५चे किट, सोळा बटणांचा हेक्स कीपॅड, आणि रमेश गावकर यांचं पुस्तक. याच गावकरांनी झेड-८०वरही पुस्तक लिहिलं आहे, हे फार कुणी सांगत नाही. ६५०२ इथे फारशी शिकवली गेली नाही, पण नव्वदच्या दशकात ती चोरपावलांनी घरोघर शिरली. टीव्हीला जोडायचे ते स्वस्त व्हिडिओ गेम आठवा, मारिओ आणि कॉन्ट्रावाले. ते निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होते, आणि त्यांच्या पोटात ६५०२चंच काळीज होतं.

झायलॉगने एप्रिल २०२४मध्ये कळवलं की झेड-८०च्या मूळ वळणाच्या चिपांची शेवटची मागणी जूनपर्यंतच घेऊ. ६५०२ची सीमॉस आवृत्ती मात्र आजही नवी मिळते. पेडल यांच्याबरोबर मोटोरोला सोडणाऱ्यांतले बिल मेन्श यांची अ‍ॅरिझोनातली कंपनी ती विकते, क्लॉक १४ मेगाहर्ट्झपर्यंत. तिच्या वेगाला पुरून उरणारी मेमरी आता किरकोळ किमतीत येते.

इथे थांबतो आम्ही. प्रश्नांसाठी वेळ आहे. ज्यांना ४३ टी-स्टेटचा हिशेब पटला नसेल त्यांनी आधी हात वर करावा. याहून कमी टी-स्टेटमध्ये ते काम करता येतं, आणि ते कसं, हे तुमच्यापैकी कुणीतरी फळ्यावर येऊन दाखवावं.