परदेशगमन व कागदपत्रांतील नावांची तफावत

आपल्या अनेक कुटुंबांत स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव योसेफ, तर शाळेच्या दाखल्यावर संजय, अशी स्थिती आढळते. गावात त्यावाचून काही अडत नाही. परंतु परदेशी गेलेला तरुण पत्नीला व मुलांना बोलावून घेऊ लागला की नाते नावावरूनच सिद्ध करावे लागते. विवाहित स्त्रियांची अडचण अधिक. आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते. विवाहाचा दाखला हाच तेथे दुवा.

प्रथम जन्मनोंद पाहावी. लवळे येथे घरी जन्मलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीत, पुण्यातील इस्पितळात जन्मलेल्यांची महानगरपालिकेत असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार नोंदीतील चूक सुधारता येते. मूळ अक्षरे मात्र खोडली जात नाहीत. निबंधक समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतात.

म्हणूनच, ‘दाखल्यावर पासपोर्टप्रमाणे नाव घाला’ अशी गळ धर्मगुरूंना घालू नये, असे आम्हांस वाटते. दाखला नोंदवहीबरहुकूमच असावा लागतो, आणि पडताळणीत विसंगती उघड झाल्यास अर्जदारावरच संशय येतो.

नाव खरोखर बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचाच फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अनेकदा पुरते. ते चालेल का, हे मात्र संबंधित वकिलातीकडे आधी विचारावे.