कॅमेरा-साहित्याचे विमामूल्यांकन

कॅमेरा-साहित्याचे विमामूल्यांकन : कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, ड्रोन, ट्रायपॉड इत्यादी चित्रीकरण-साहित्याचा विमा उतरवण्यासाठी त्याची किंमत ठरवण्याची प्रक्रिया. दुकानदाराच्या कागदावर एक आकडा लिहून घेतला की हे काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात एकाच लेन्सच्या एकाच दिवशी निदान तीन किमती निघतात: आज नवी घ्यायला पडणारी, मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारात वापरलेली म्हणून विकली तर येणारी आणि यंत्रसामग्रीचा वार्षिक १५ टक्के घसारा लावून स्टुडिओच्या हिशेबवह्यांत उरलेली. तिन्ही खऱ्याच असतात. विमापत्राला त्यांपैकी कोणती हवी आहे हे आधी पाहिले नाही, तर काटेकोर मूल्यांकनही वाया जाते. म्हणून मूल्यांकनात आकड्याआधी आधार ठरवावा लागतो; आणि तो ठरला की बहुतेक साहित्याला मूल्यनिर्धारकाच्या प्रमाणपत्राची गरजच उरत नाही.

भारतात व्यावसायिक साहित्य बहुधा ‘ऑल रिस्क’ किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विमापत्राखाली येते. यांपैकी दुसऱ्या प्रकारात विमारक्कम त्याच जातीच्या आणि क्षमतेच्या नव्या उपकरणाच्या किमतीइतकी असावी अशी अट असते. समजा, आज अडीच लाखांना मिळणाऱ्या बॉडीचा विमा हिशेबवहीतील किमतीने दीड लाखाचाच उतरवला. ती पडून दुरुस्तीचा खर्च ५०,००० रुपये आला, तर अल्पविम्याचे (विमारक्कम नव्या किमतीहून कमी असल्याचे) कलम लागून त्याच प्रमाणात ३०,००० रुपयेच मंजूर होतात आणि त्यातूनही ठरलेली वजावट कापली जाते. हे प्रमाण यादीतील प्रत्येक वस्तूला वेगळे लावले जाते, त्यामुळे ‘कॅमेरा व इतर साहित्य, एकूण आठ लाख’ अशी एका ओळीची नोंद अडचणीची ठरते. यावर आक्षेप असा की, वस्तू पूर्ण नष्ट झाली तर कंपनी घसारा वजा करूनच पैसे देते, मग नव्या किमतीवर हप्ता का भरायचा? आक्षेपात तथ्य आहे आणि ही रचना ग्राहकाला खटकावी अशीच आहे. पण कॅमेऱ्याचे रोजचे नुकसान पूर्ण नाशाचे नसते. माउंट वाकणे, पडदा फुटणे, पाणी जाणे असे ते अंशतः असते. अशा दुरुस्तीत सुट्या भागांवर सहसा घसारा धरत नाहीत, आणि हप्त्यात वाचवलेल्या रकमेचा फटका नेमका तिथे बसतो.

दुसरा आक्षेप सर्व्हेयरविषयी असतो: शेवटी नुकसान तोच ठरवणार, तर आधीची खटपट कशाला? विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार ठरावीक रकमेवरील दाव्यांत परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल लागतो हे खरे. मात्र तो अहवाल अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याआधी, २००८ मध्ये, एका वाहनाच्या दाव्यात न्यायालयाने म्हटले होते की नूतनीकरणाच्या वेळी जी किंमत मान्य करून कंपनीने हप्ता घेतला, ती दाव्याच्या वेळी तिला झटकता येत नाही. निकाल वाहनाचा होता. तो कॅमेऱ्याला जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरू नये. पण आधी नोंदलेल्या आणि कंपनीने स्वीकारलेल्या किमतीला वजन असते, एवढे त्यातून दिसते. चोरी झालेल्या साहित्याची तर सर्व्हेयरला तपासणीच करता येत नाही. त्याच्यापुढे कागदच असतात.

हे कागद तयार करणे मालकाला जमण्यासारखे आहे. बिल, अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र, त्या वर्षीचे एखाद्या अधिकृत विक्रेत्याचे दरपत्रक आणि वस्तूच्या स्थितीची नोंद एवढे पुरते. स्थिती पाहताना लेन्सची दोन्ही झाकणे काढून, ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारतात. बुरशी असेल तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. कोकणात आणि मुंबईत ही तपासणी पावसाळ्यानंतर करणे शहाणपणाचे, कारण बुरशी हळूहळू होणारे नुकसान म्हणून विम्यातून बहुधा वगळलेली असते. बॉडीचे वय शटर किती वेळा उघडले यावरून काढतात: निकॉन डी८५० चे शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेले आहे, आणि निकॉनच्या कॅमेऱ्यांत हा आकडा छायाचित्राच्या फाइलमधूनच वाचता येतो. भाव मात्र दर नूतनीकरणाला नव्याने पाहावेत. कॅननने २०१८ मध्ये आरएफ माउंट आणल्यावर जुन्या ईएफ लेन्सचे वापरलेले भाव उतरले. उलट २०२० चा फुजीफिल्म एक्स१००व्ही पुढे इतका दुर्मिळ झाला की वापरलेला कॅमेरा नव्याच्या मूळ किमतीहून महाग विकला जाऊ लागला. वय वाढले की किंमत घटते, हा नियम इथे सरसकट चालत नाही.

स्वतंत्र मूल्यनिर्धारक खऱ्या अर्थाने लागतो तो जिथे ‘नवी किंमत’ अस्तित्वातच नसते तिथे. लायका कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा लायका ० मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथील लिलावात खरेदीदाराच्या अधिभारासह १.४४ कोटी युरोंना गेला. त्याच मालिकेतील १२२ क्रमांकाच्या कॅमेऱ्याला २०१८ मध्ये २४ लाख युरो मिळाले होते. एवढा फरक मूळ मालकामुळे पडतो, आणि तो दरपत्रकावर सापडणार नाही. संग्राह्य वस्तूंसाठी म्हणून दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेल्या किमतीचे विमापत्र मागावे.

जीएसटीची वजावट घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला कॅमेऱ्यावरील १८ टक्के कर सहसा भरपाईत मिळत नाही; हौशी छायाचित्रकाराने मात्र विमारक्कम करासह धरावी. परदेशी चित्रीकरणासाठी फिक्कीकडून एटीए कार्नेट (साहित्य तात्पुरते शुल्काविना परदेशी नेण्याचे सीमाशुल्क कागदपत्र) घेताना वस्तू, अनुक्रमांक आणि किंमत यांची यादी द्यावी लागते. ती विम्याच्या यादीशी जुळलेली असावी. भाड्याने दिलेले साहित्य अनेकदा विम्याबाहेर राहते, ते विमापत्रात वेगळे लिहून घ्यावे लागते. मेमरी कार्ड गेले तर भरपाई कोऱ्या कार्डाची. त्यावरील लग्नाची छायाचित्रे या मूल्यांकनात येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी ग्राहकाने दावा लावलाच तर व्यावसायिक दायित्वाचा वेगळा विमा लागतो.