तळटीप : सिलोनच्या लहरी

* लेखकाने येथे ‘सिलोन’चा जो ओझरता निर्देश केला आहे, त्याची हकीकत आजच्या वाचकास सांगणे अगत्याचे आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणीखात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीतांच्या हीन अभिरुचीविषयी त्यांची खात्री पटलेली असल्यामुळे त्या गीतांचा प्रसारणातील वाटा त्यांनी घटविला. शिवाय गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात ठरवून तेही बंद करण्यात आले, तेव्हा निर्मात्यांनी परवानेच काढून घेतले. परिणाम असा, की महायुद्धात दोस्तसैन्यासाठी कोलंबोत उभारलेल्या प्रबळ लघुलहरी प्रक्षेपकाच्या बळावर रेडिओ सिलोनने तीच गाणी आपल्या मुलखात घरोघर पोचविली. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोस जाई व बुधवारी रात्री समुद्रापलीकडून परत येई. (जकातनाका चुकवून आलेल्या मालास गिऱ्हाईक अधिक, हे मंत्रिमहोदयांस कोणी सांगितले नसावे.) १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ काढून सरकारने माघार घेतली. तथापि केसकरांच्या धोरणाची निव्वळ टवाळी करणे अन्यायाचे होईल. कारण चित्रपटबाह्य सुगम संगीतास नभोवाणीने त्या काळी जो आश्रय दिला, त्याच वातावरणात १९५५ साली पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’, आठवड्यास एक नवे गीत या क्रमाने, वर्षभर प्रसारित झाले. — संपा.