सायकलवरून गावोगाव मैफल: मदतीचे दौरे कसे चालतात?

शाळेच्या खोलीसाठी, दवाखान्यासाठी किंवा एखाद्याच्या उपचारासाठी पैसे उभे करायचे आणि त्यासाठी गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करायचे, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. हा प्रवास सायकलने करणे हा त्यातलाच एक प्रकार. गर्दी किती झाली यापेक्षा इथे दोन प्रश्न महत्त्वाचे असतात: जमलेल्या पैशातला किती भाग मूळ कामाला लागला, आणि तो हिशेब गावाला कळला का?

वऱ्हाडातली जुनी वाट

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण वऱ्हाडातच आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, आयुष्यभर गावोगाव फिरले. सायकलने नव्हे, पायी. दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम होता. लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढून घेत ते कीर्तन रंगवत.

लोकांनी दिलेल्या देणग्यांतून धर्मशाळा, सदावर्ते आणि वसतिगृहे उभी राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. संस्था विश्वस्तांच्या हाती दिल्या. गाणारा आणि पैसे सांभाळणारा वेगळा, हा धडा आजच्या कोणत्याही दौऱ्याला लागू पडतो.

नाटक, सायकल आणि मदत

१९८० च्या दशकात ‘सामाजिक कृतज्ञता निधी’साठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ नाटकाचे प्रयोग केले. जमलेली रक्कम थेट खर्च न करता गुंतवायची आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन द्यायचे, अशी ती योजना होती. कशासाठी पैसे हवेत आणि ते कसे वापरले जातील, हे आधीच ठरलेले होते.

सायकलवरचा मोठा दौरा महाराष्ट्राने बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात पाहिला. डिसेंबर १९८५ मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून ते सोबतच्या गाडीत आडवे पडून प्रवास करत. तो दौरा निधीसाठी नव्हता, एकात्मतेसाठी होता.

ब्रिटनमध्ये ‘हँडलबार्ड्स’ ही नाटक मंडळी २०१३ पासून सायकलवर सामान लादून गावोगाव शेक्सपिअरची नाटके करत आली आहे.

सायकलच का?

पहिले कारण खर्च. समजा, एका गावात सहा हजार रुपये जमले आणि टेम्पो, मंडप व साउंड यांवर पाच हजार गेले, तर मदतीला उरतात एक हजार. टेम्पो वगळला आणि मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम केला, तर हेच गणित उलटते.

दुसरे कारण ओळख. सायकलवाला वाटेत पाणी प्यायला थांबतो, पंक्चर काढायला बसतो, लोकांशी बोलतो. रात्रीच्या कार्यक्रमाची अर्धी जाहिरात तिथेच होते.

मर्यादाही आहेत. खंजिरी, टाळ, चिपळ्या, एकतारी सहज नेता येतात. पेटीला मागे मजबूत कॅरिअर लागते आणि धक्क्यांनी तिचे सूर बिघडू शकतात. तबला-ढोलकी ऊन-पावसापासून झाकून न्यावी लागते. पेडल मारून वीज तयार करायची म्हटली, तर सामान्य माणूस सलगपणे साधारण ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. छोट्या स्पीकरला तेवढे पुरते, मोठ्या साउंडला नाही.

शिरपूर जैन परिसरात आखणी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरामुळे देशभर माहीत आहे. अशा ठिकाणाहून आसपासच्या गावांचा दौरा आखायचा, तर आधी शेतीचे वेळापत्रक पाहावे. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीची घाई असते. पुढे हरभरा-गव्हाला पाणी देण्यासाठी अनेक शेतकरी रात्री शेतात असतात, कारण तेव्हा वीज असते. म्हणून गावात तारीख विचारूनच ठरवावी. हरिनाम सप्ताह आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळावेत.

जागा गावातच असतात: मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, जिल्हा परिषद शाळेचे पटांगण, पारासमोरची मोकळी जागा. गावच्या भजनी मंडळाला सुरुवातीचा अर्धा तास दिला, तर कार्यक्रम पाहुण्यांचा न राहता गावाचा होतो. रोज १५ ते २५ किलोमीटरच ठेवावेत. थकलेल्या गळ्याने गाणे होत नाही.

परवानगी आणि पावती

जागेसाठी ग्रामपंचायत, शाळा किंवा मंदिर समितीची संमती घ्यावी. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो वापरता येत नाही. गावात जेवणे उरकून लोक साडेआठला जमतात, त्यामुळे हाताशी दीडच तास असतो.

नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. दुसरा मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्थेला सोबत घेऊन थेट तिच्या खात्यात पैसे जमा करणे. देणगीवर आयकर सवलत हवी असल्यास ती संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त असावी लागते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही.

हिशेब कधी द्यावा?

त्याच रात्री. कार्यक्रम संपताच गावातल्या दोघांनी सर्वांसमोर पेटी उघडून रक्कम मोजावी, वहीत लिहावी, सही करावी आणि आकडा माइकवरून सांगावा. क्यूआर कोड लावला असेल, तर खाते कोणाच्या नावावर आहे ते वाचून दाखवावे. कलावंताचे वैयक्तिक खाते वापरू नये. दौऱ्याचा खर्च वेगळा दाखवावा.

दौरा संपल्यावर रक्कम जिथे द्यायची तिथली पावती प्रत्येक गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पहिल्या वर्षी दहा रुपये टाकणारा माणूस दुसऱ्या वर्षी किती टाकेल, हे त्या कागदावर ठरते.