३७.३३ सेकंद

स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असा हुकूम झाला. किल्ल्यांवर लिहिणारे जाणकार आपल्या बॅचमध्ये आहेत, म्हणून मी इंजिनिअर बाई एका टेल्को कामगाराचा इतिहास सांगते. टाकव्याहून कान्हे स्टेशन गाठून लोकलने पिंपरी-चिंचवडला कामाला जाणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्याच टेल्कोत मुरलीकांत पेटकर नोकरी करत होते.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, जन्म १९४४चा. लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे सैन्यात ईएमईमध्ये बॉक्सिंग. १९६५च्या युद्धात अंगात नऊ गोळ्या घुसल्या. एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय अवघं वीस. उपचारात व्यायाम म्हणून पोहायला सांगितलं आणि त्यातच त्यांना नवा खेळ सापडला.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. वेळ ३७.३३ सेकंद, तोही जागतिक विक्रम. भालाफेक आणि स्लालममध्येही ते उतरले होते.

२००८ साली अभिनव बिंद्राचं सुवर्ण हे भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण ठरलं. ते खरंच आहे. पण ‘ऑलिंपिक’ हा शब्द गाळून कोणी ‘देशाचं पहिलं’ म्हटलं, की पेटकरांची ३६ वर्षं आधीची कामगिरी पुसली जाते. आमच्या कामात असं नेहमी दिसतं: तक्त्यात ज्याला रकानाच नाही, तो कितीही शोधला तरी सापडत नाही. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला, आणि त्याच वर्षाच्या क्रीडा पुरस्कारांत अर्जुन जीवनगौरव जाहीर झाला. तेव्हा ते ऐंशीचे होते.

पी.टी.च्या तासाला झाडाखाली सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. आपल्याही होतं. सर, बाई, येत्या २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनी खाशाबा जाधवांच्या जोडीनं पेटकरांचीही गोष्ट सांगाल का? आणि त्या दिवशी त्या मुलालाही एखाद्या खेळात घ्या. लागेल ते साहित्य आपली बॅच देईल.